गमावलेल्या हाडाची जागा कशी भरतात? वाचकांचे प्रश्न, अस्थितज्ज्ञांची उत्तरे

मागील अंकात या सदरात रस्त्यावरील अपघातांत होणाऱ्या उघड्या अस्थिभंगांविषयी, म्हणजे ज्यांत हाडाबरोबर कातडी आणि स्नायूही फाटतात अशा दुखापतींविषयी, लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती आहेत : हाडाचा काही भाग कायमचा गेला असेल, तर त्या जागी नवे हाड बसवता येते का, ते कुठून आणतात आणि त्याला इतका वेळ का लागतो. पत्रलेखकांची नावे वगळून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. उपचाराचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या शल्यचिकित्सकांनीच घ्यावयाचा असतो.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या (वय २९) पायावरून ट्रकचे चाक गेले. नडगीचे हाड फुटून बाहेर आले होते. पहिल्या ऑपरेशनमध्ये पायाला बाहेरून सळ्या लावल्या. आठवड्याने डॉक्टरांनी ‘हे हाड मेलेले आहे’ असे सांगून जवळजवळ ७ सेंटिमीटरचा तुकडा काढून टाकला आणि त्या जागी सिमेंटचा ठोकळा भरला. दोन महिन्यांनी तो काढून कमरेचे हाड घालू, असे ते म्हणतात. घरातील सगळे घाबरले आहेत. हाड घालायचेच होते, तर ते तेव्हाच का घातले नाही? सिमेंट पायात ठेवणे धोक्याचे नाही का?
– एक वाचक, तालुका खेड, जिल्हा पुणे

उत्तर : पायात सिमेंट भरले आहे हे ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. परंतु आपण वर्णन केलेला क्रम पूर्ण विचारांती आखलेला आणि जगभर रुळलेला उपचार आहे. फ्रान्समधील शल्यचिकित्सक आलँ-शार्ल मास्केले यांनी तो १९८६ पासून वापरायला सुरुवात केली आणि २००० साली ३५ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांतील काही रुग्णांच्या हाडातील पोकळी २० सेंटिमीटरांहूनही मोठी होती.

आधी ‘तेव्हाच का घातले नाही’ या प्रश्नाकडे वळतो, कारण या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा शरीरापासून सुटला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी ठेवल्यावर त्याच्या पृष्ठभागाजवळच्या काही पेशी भोवतालच्या द्रवावर तग धरतात आणि उरलेल्या मरतात. पुढच्या काही आठवड्यांत शेजारच्या निरोगी मांसातून सूक्ष्म रक्तवाहिन्या त्या तुकड्यात शिरतात, त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या पेशी येतात, आणि जुने हाड कणाकणाने निघून त्या जागी रुग्णाचे स्वतःचे नवे हाड रचले जाते. जुन्या वाड्याची एकेक तुळई बदलत जावी आणि वाडा मात्र उभाच राहावा, तसे हे काम चालते. त्यामुळे ग्राफ्ट, म्हणजे असा आणून लावलेला हाडाचा तुकडा, जगणार की नाही, हे भोवतालच्या मांसात रक्त खेळते आहे का, तेथे जंतू आहेत का आणि हाडाची दोन्ही टोके घट्ट धरून ठेवलेली आहेत का, या तीन गोष्टींवर ठरते.

ट्रकखाली चिरडलेल्या पायात पहिल्या आठवड्यात यांपैकी एकही गोष्ट अनुकूल नसते. रस्त्यावरची माती आणि जंतू जखमेत खोलवर गेलेले असतात, स्नायूचा कोणता भाग जगेल हे काही दिवस स्पष्ट होत नाही, आणि नडगीच्या आतल्या-पुढच्या बाजूला तर मुळातच कातडीखेरीज काही आवरण नसते. अशा जागी रक्तपुरवठा नसलेले हाड ठेवले, तर जंतू त्याला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. शिरेतून दिलेले प्रतिजैविक रक्तावाटेच पोहोचत असल्यामुळे जिथे रक्त नाही तिथे ते पुरेसे पोहोचत नाही. मग तो तुकडा विरघळतो किंवा पू होऊन बाहेर येतो, आणि कमरेतून काढलेले मोलाचे हाड वाया जाते. मेलेले हाड निर्धाराने काढून टाकणे हा म्हणूनच या उपचाराचा पाया आहे. एक्स-रेवर ७ सेंटिमीटरची मोकळी जागा पाहून कुटुंबाला धक्का बसतो हे मी जाणतो. पण ‘असू द्या, कदाचित जगेल’ म्हणून आत ठेवलेले मेलेले हाड पुढे वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेचे कारण होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता सिमेंटविषयी. हे बांधकामाचे सिमेंट नव्हे. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे हे ॲक्रिलिक असून खुब्याचा आणि गुडघ्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का करण्यासाठी ते अनेक दशके वापरले जाते. ते कालवताना त्यात जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिनसारखे प्रतिजैविक मिसळतात आणि ते जखमेच्या जागीच हळूहळू पाझरत राहते. ठोकळ्यामुळे पोकळीत मांस भरून येत नाही आणि पुढे हाड घालायला जागा शाबूत राहते. खरा लाभ मात्र वेगळाच आहे. या परक्या वस्तूभोवती शरीर एक-दोन मिलिमीटर जाडीचे आवरण तयार करते. त्या आवरणात रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि हाडाच्या वाढीला चालना देणारी प्रथिनेही त्यातून स्रवतात. हे आवरण तयार व्हायला सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले दोन महिने ते यासाठीच.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुन्या व्रणावरून आत जाऊन हे आवरण लांबीत उघडतात. उघडताना त्याच्या कडांतून रक्त येते आणि ते पाहून शल्यचिकित्सकाला समाधान वाटते, कारण आवरण जिवंत असल्याची ती खूण असते. सिमेंट छिन्नीने फोडून आवरणाला धक्का न लावता तुकड्यातुकड्यांनी काढतात. हाडाची दोन्ही टोके रक्ताचे थेंब दिसेपर्यंत खरवडतात. मग कमरेतून काढलेल्या सच्छिद्र हाडाचे काही मिलिमीटरांचे बारीक तुकडे त्या पोकळीत भरतात. ते फार ठासून भरत नाहीत, कारण रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट लागते. शेवटी आवरण पुन्हा शिवून बंद करतात. बाहेरच्या सळ्यांऐवजी याच वेळी किंवा त्याआधी आत रॉड अथवा प्लेट बसवली जाते.

आपण डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. पहिली, नडगीवर पुरेसे मांस आणि कातडी आहे का, आणि नसल्यास प्लास्टिक सर्जनांकडून फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह मांस-कातडी आणून जखम झाकण्याची शस्त्रक्रिया, केव्हा करून घेणार. नडगीच्या वरच्या भागासाठी पोटरीचा मोठा स्नायू फिरवून आणता येतो, मधल्या भागासाठी त्याखालचा स्नायू उपयोगी पडतो, तर घोट्याकडच्या भागासाठी बहुधा शरीराच्या दुसऱ्या भागातून मांस आणून त्याच्या रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. दुसरी गोष्ट, ग्राफ्ट घालण्यापूर्वी जंतुसंसर्ग संपल्याची खात्री कशी करणार. जखमेची स्थिती, रक्तातील सीआरपी आणि ईएसआर (शरीरातील दाह दाखवणाऱ्या चाचण्या), आणि शंका असल्यास आतील मांसाचे अनेक नमुने तपासणे, हा त्याचा मार्ग आहे. दुसऱ्या वेळी उघडल्यावर आत पू आढळला, तर साफसफाई करून पुन्हा नवे सिमेंट ठेवावे लागते. अशा वेळी कुटुंबाने खचू नये. संसर्गात हाड घालण्यापेक्षा आणखी दोन महिने थांबणे केव्हाही हिताचे.

प्रश्न : कमरेचे हाड काढल्यावर कंबर कायमची कमजोर होते का? माझ्या पतीच्या हातासाठी आता पोटरीतले बारीक हाड काढायचे म्हणतात. एक हात वाचवायला चांगला पाय मोडायचा का, असे सासूबाई विचारतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कंबरेच्या बाजूला बोटाला जी कड लागते, त्या कडेच्या आतून हाड घेतात. या हाडाच्या बाहेरच्या आणि आतल्या कठीण पत्र्यांमध्ये सच्छिद्र हाड भरलेले असते आणि तेच ग्राफ्टसाठी सर्वांत गुणकारी असते, कारण त्यात हाड बांधणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना चालना देणारी प्रथिने आणि नव्या हाडाला आधार देणारी जाळी हे तिन्ही एकत्र मिळतात. कमरेचा भार वाहणारी रचना त्यामुळे बिघडत नाही. त्रास होतो तो दुखण्याचा. पहिले काही दिवस पायापेक्षा कंबरच जास्त दुखते, अशी तक्रार पुष्कळ रुग्ण करतात आणि ती खरी असते. काही थोड्या रुग्णांना हे दुखणे महिनोन्महिने राहते. पुढच्या बाजूने हाड घेतल्यास मांडीच्या बाहेरच्या भागाला संवेदना देणारा मज्जातंतू दुखावून तेथे बधिरपणा येऊ शकतो. ही शक्यता शस्त्रक्रियेपूर्वीच सांगणे, हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. पुष्कळ हाड लागणार असेल, तर कमरेच्या मागच्या बाजूने ते अधिक मिळते. मांडीच्या हाडाच्या पोकळीतून विशेष उपकरणाने ते खरवडून घेण्याची पद्धतही काही मोठ्या रुग्णालयांत वापरली जाते.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांना दिलासा देणारे आहे. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. शरीराचा बहुतेक भार नडगीचे जाड हाड, म्हणजे टिबिया, पेलते. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, भाराचा अगदी थोडा वाटा उचलते. त्याचे खालचे टोक घोट्याच्या स्थैर्यासाठी अत्यावश्यक असते आणि वरच्या टोकाजवळून पाऊल वर उचलणारा मज्जातंतू जातो. ही दोन्ही टोके राखून, विशेषतः घोट्यावरचे किमान ६ सेंटिमीटर हाड तसेच ठेवून, मधला भाग काढला तर प्रौढ माणसाचे चालणे पूर्ववत होते. पायाचा अंगठा वाकवण्याची ताकद कमी होणे किंवा घोटा काही काळ जड वाटणे, हे आढळते. लहान मुलांत मात्र घोटा हळूहळू बाहेरच्या बाजूला कलू शकतो आणि त्यासाठी वेगळी दक्षता घ्यावी लागते.

फिब्युलाची निवड यासाठी, की त्या हाडाला स्वतःची रक्तवाहिनी आहे. हाड त्या रोहिणी-नीलेसकट काढायचे आणि नव्या जागी नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने, तेथील रक्तवाहिन्यांना जोडायचे, ही पद्धत मेलबर्नच्या इयान टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. अशा हाडातील पेशी मरत नाहीत. ते दोन्ही टोकांना साध्या अस्थिभंगासारखे जुळते, जखमेत रक्तपुरवठा कमी असला तरी टिकते, आणि पोकळी ६ सेंटिमीटरांहून मोठी असेल तेव्हा त्याचा विचार प्रामुख्याने होतो. हाताच्या हाडांसाठी त्याची जाडी अगदी अनुरूप असते. पायात बसवल्यास ते सुरुवातीला बारीक पडते, परंतु भार येत गेला की महिन्यांमागून महिने जाड होत जाते. शस्त्रक्रिया अनेक तासांची असते आणि पहिल्या काही दिवसांत जोडलेली रक्तवाहिनी बंद पडण्याचा धोका असतो, म्हणून ती सूक्ष्मशल्यक्रियेचा नित्य सराव असलेल्या पथकाकडूनच करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि वय ६४ आहे. कमरेतून पुरेसे हाड मिळणार नाही म्हणून डॉक्टर बोन बँकेतील हाड वापरू म्हणतात. दुसऱ्याचे हाड शरीर नाकारत नाही का? रक्तगट जुळावा लागतो का? मी स्वतःचे हाड वडिलांना दिले तर चालेल का? की बाजारात मिळणारे कृत्रिम हाड बरे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसऱ्या माणसाचे हाड वापरण्याची कल्पना नवी नाही. ग्लासगोचे शल्यचिकित्सक विल्यम मॅक्युएन यांनी १८८० च्या सुमारास एका लहान मुलाच्या दंडाचे हाड जंतुसंसर्गाने जवळजवळ नाहीसे झाले असताना, मुडदूस झालेल्या इतर मुलांचे वाकडे पाय सरळ करताना निघालेल्या नडगीच्या तुकड्यांनी ती पोकळी भरली होती. तो मुलगा मोठा होऊन त्या हाताने काम करू लागला. प्रतिजैविके सोडाच, एक्स-रेही तेव्हा उपलब्ध नव्हते, हे लक्षात घेतले की त्या कामाचे मोल कळते.

आज बोन बँकेत येणारे हाड दोन मार्गांनी मिळते. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा जो गोल काढावा लागतो, तो रुग्णाच्या संमतीने ठेवला जातो. आणि मृत्यूनंतर कुटुंबीयांनी ऊतीदान केल्यास लांब हाडे मिळतात. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. हाड धुऊन, त्यातील रक्त-मज्जा-चरबी काढून, वाळवून वा गोठवून, बहुधा गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी, की मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी काम करत आहे आणि तुर्भ्याच्या गॅमा किरण केंद्रामुळे निर्जंतुकीकरणाची सोय हाकेच्या अंतरावर आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, त्यामुळे हाडाच्या बँकेला नोंदणी बंधनकारक आहे. वडिलांसाठी येणारे हाड नोंदणीकृत बँकेतीलच आहे ना आणि त्याच्या पाकिटावरील क्रमांक केसपेपरवर चिकटवला आहे ना, एवढे पाहून घ्या.

प्रक्रिया केलेल्या हाडात जिवंत पेशी उरत नसल्यामुळे मूत्रपिंडासारखा तीव्र नकार येत नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागत नाहीत आणि रक्तगटही जुळवावा लागत नाही. एक अपवाद आहे : नुसते गोठवलेले, प्रक्रिया न केलेले हाड आरएच निगेटिव्ह तरुण स्त्रीला द्यायचे असेल, तर पुढील गरोदरपणाचा विचार करून दाता आरएच निगेटिव्ह असावा. पेशी नसण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. असे हाड केवळ जाळीचे काम करते, त्यात नवे हाड शिरायला अधिक वेळ लागतो, आणि मोठा सलग तुकडा असेल तर त्याचा गाभा वर्षानुवर्षे मृतच राहतो. तो पुढे तडकू शकतो. म्हणून बँकेतील हाडाचे तुकडे रुग्णाच्या स्वतःच्या थोड्या हाडात मिसळून वापरणे हा व्यवहारी मार्ग आहे, आणि आपल्या वडिलांचे डॉक्टर बहुधा तेच सुचवत असावेत.

आपले हाड देण्याची आपली तयारी हृदयस्पर्शी आहे, पण त्याची गरज नाही. आपल्या ताज्या हाडातील पेशी वडिलांच्या शरीरात टिकणार नाहीत, आणि आपल्याला शस्त्रक्रियेचा त्रास होईल तो वेगळाच. कृत्रिम हाड म्हणून मिळणारे कॅल्शियम फॉस्फेटचे किंवा कॅल्शियम सल्फेटचे खडे लहान बंदिस्त पोकळीत, उदाहरणार्थ गुडघ्याजवळ दबलेले हाड उचलल्यावर खाली राहणाऱ्या जागेत, उत्तम काम देतात. नळीच्या हाडातील मोठे अंतर ते एकट्याने भरून काढू शकत नाहीत. वडिलांच्या बाबतीत ग्राफ्टच्या प्रकाराइतकेच महत्त्व साखरेला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) तपासून घ्या आणि साखर आटोक्यात येईपर्यंत थांबायला सांगितले, तर थांबा.

प्रश्न : एक डॉक्टर ग्राफ्ट सांगतात, दुसरे रिंग लावून हाड वाढवू म्हणतात. नागपुरात दोन्ही करणारे आहेत. हाड आपोआप कसे वाढेल? यातले चांगले कोणते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दुसरे डॉक्टर इलिझारोव्ह पद्धतीविषयी बोलत आहेत. तीत पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा बसवून त्या तारांनी हाडाला जोडतात. गाव्रिइल इलिझारोव्ह यांनी सायबेरियातील कुर्गान या दूरच्या गावी, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या न जुळलेल्या हाडांवर उपचार करता करता १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळवलेला व्हालेरी ब्रुमेल मोटारसायकलच्या अपघातानंतर अनेक शस्त्रक्रिया होऊनही बरा होत नव्हता. १९६८ मध्ये इलिझारोव्ह यांनी त्याचा पाय सांधला आणि सोव्हिएत देशात त्यांचे नाव सर्वदूर झाले. पश्चिम युरोपला ही पद्धत कळायला मात्र १९८० उजाडावे लागले. कार्लो माउरी हा इटलीचा गिर्यारोहक जुन्या अस्थिभंगाने बेजार होऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी इलिझारोव्ह यांना इटलीत बोलावून घेतले.

हाड आपोआप वाढत नाही. त्याला वाढायला लावावे लागते. पोकळीपासून दूर, निरोगी हाडाला काळजीपूर्वक काप देतात, भोवतालचे आवरण मात्र जपतात. पाच-सात दिवस थांबून तो सुटा झालेला तुकडा पोकळीच्या दिशेने रोज १ मिलिमीटर सरकवतात. मागे पडणाऱ्या अंतरात शरीर नवे हाड विणत जाते. हे काम घरी रुग्ण आणि नातेवाईकच करतात : रिंगच्या दांड्यावरील नट पान्याने दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचा. पेचाचे अंतर १ मिलिमीटर असल्यामुळे चार वेळांत बरोबर १ मिलिमीटर होतो. नटच्या एका बाजूला पेनाने खूण करावी, फेरा चुकत नाही. घाई केली तर मधले हाड तयार होत नाही, रेंगाळले तर ते वेळेआधीच जुळून बसते. तारा कातडीतून आत जातात त्या जागा रोज स्वच्छ ठेवाव्या लागतात. लाली, पाणी किंवा ठणका दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

‘चांगले कोणते’ याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर देता येणार नाही, पण माझे मत स्पष्टपणे सांगतो. संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री नसेल, पाय आखूडही झालेला असेल किंवा कमरेतून पुरेसे हाड मिळण्याची शक्यता नसेल, तर रिंग श्रेष्ठ. जखम स्वच्छ असेल, मांसाचे आवरण चांगले असेल आणि रुग्णाला इतका काळ रिंग घेऊन वावरणे शक्य नसेल, तर दोन टप्प्यांतील ग्राफ्ट. रिंग किती काळ ठेवावी लागेल याचा अंदाज दर सेंटिमीटरमागे साधारण दीड महिना असा धरतात. ७ सेंटिमीटरसाठी दहा-अकरा महिने. शिवाय सरकवलेला तुकडा पलीकडच्या टोकाला भिडल्यावर तेथे अनेकदा थोडा ग्राफ्ट घालावाच लागतो, हे आधीच माहीत असलेले बरे. जो डॉक्टर ज्या पद्धतीने अधिक रुग्ण बरे करतो, त्याच्या हातात ती पद्धत अधिक सुरक्षित असते, म्हणून दोघांनाही त्यांनी स्वतः अशा किती रुग्णांवर उपचार केले आणि त्यांना किती वेळ लागला हे निःसंकोच विचारा.

प्रश्न : ग्राफ्ट लवकर जुळावा म्हणून खारीक, डिंकाचे लाडू, कांडवेलीचा काढा देत आहोत. आणखी काय द्यावे? त्यांची तंबाखू सुटत नाही, त्याने फरक पडतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तंबाखूने मोठा फरक पडतो, आणि बाकी साऱ्यापेक्षा तेच आधी सांगतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ग्राफ्टला हव्या असतात त्या नेमक्या याच रक्तवाहिन्या. विडी-सिगारेटच नव्हे, तर मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिसरी यांतूनही निकोटिन रक्तात जाते. अनेक शल्यचिकित्सक तंबाखू पूर्ण बंद झाल्याशिवाय ग्राफ्टची तारीख देत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

लाडू-खारीक देण्यास हरकत नाही, फक्त रुग्णाला मधुमेह नसावा. मोठ्या जखमेनंतर शरीराला प्रथिनांची गरज फार वाढते. डाळी, दूध, अंडी, चालत असल्यास मासे-मटण रोजच्या जेवणात असावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी तपासून कमी असल्यास ते घ्यावे. कांडवेलीने काही सेंटिमीटरची पोकळी भरून येत नाही. काढा चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगा. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेऊ नका. त्यांतील काही गोळ्या हाड जुळण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणू शकतात.

प्रश्न : माझ्या मुलाच्या पायावर आतापर्यंत बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या. आता ग्राफ्टसाठी पुन्हा दोन सांगितल्या आहेत. पाय कापून जयपूर फूट लावला असता तर तो आज कामावर असता, असे नातेवाईक म्हणतात. आम्ही चुकलो का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आपण चुकलात असे मला वाटत नाही आणि नातेवाइकांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेतील आठ मोठ्या अपघात केंद्रांतील ५६९ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पाय धोक्यात आला होता अशा रुग्णांपैकी ज्यांचा पाय वाचवला आणि ज्यांचा कापावा लागला, त्या दोन्ही गटांची दोन वर्षांनंतरची कार्यक्षमता जवळपास सारखीच आढळली. पाय वाचवलेल्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ मात्र अधिक वेळा आली. पाय राखणे हाच एकमेव सन्मानाचा मार्ग आणि कापणे म्हणजे पराभव, असे मानण्याचे कारण यामुळे उरत नाही.

भारतात या निर्णयासाठी कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयाने तयार केलेली गुणपद्धती मोलाची आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत कातडी, हाड, स्नायू-मज्जातंतू यांची हानी आणि रुग्णाचे इतर आजार यांना गुण देतात. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवावा, १७ किंवा अधिक असेल तर कापण्याचा विचार करावा, आणि १५-१६ ला अनुभवी पथकाने त्या रुग्णापुरता निर्णय घ्यावा. पण हे गुण अपघाताच्या दिवशी द्यायचे असतात. आज आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. तळपायाला संवेदना आहे का, घोटा हलतो का, संसर्ग गेला आहे का, आणि मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे चार प्रश्न डॉक्टरांसमोर मुलाच्या उपस्थितीत मांडा. पहिल्या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर ग्राफ्टपर्यंत आलेला पाय बहुधा पुढे नेण्याजोगा असतो. खर्चाची चिंता पत्रात जाणवली, म्हणून सांगतो : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, दाखल होण्यापूर्वी त्यांना भेटून यांपैकी कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते हे लेखी समजून घ्या.

प्रश्न : ग्राफ्ट घालून चार महिने झाले. दुखत नाही. पायावर वजन टाकून कामावर जाऊ का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दुखत नाही याचा अर्थ हाड जुळले असा होत नाही, कारण आतील रॉड किंवा प्लेट भार उचलत असते. ग्राफ्ट जुळण्याआधी पूर्ण भार पडत राहिला, तर धातू थकतो आणि तुटतो. मास्केले यांच्या सुरुवातीच्या रुग्णांना पूर्ण भार देऊन चालायला साधारण साडेआठ महिने लागले होते. चार महिन्यांत घाई करण्याचे कारण नाही. दुसरीकडे, काहीच भार न देणेही योग्य नाही, कारण नवे हाड भाराच्या दिशेनेच बळकट होते. किती किलो भार द्यायचा हे डॉक्टर सांगतात; घरातील वजनकाट्यावर तो पाय टेकवून तेवढाच दाब देण्याचा सराव करता येतो. दोन दिशांनी काढलेल्या एक्स-रेंमध्ये हाडाच्या चारपैकी किमान तीन बाजू जुळलेल्या दिसल्या, की कुबड्या सोडण्याचा विचार होतो; शंका असल्यास सीटी स्कॅन करतात. प्रत्येक तपासणीला जाताना सर्व जुने एक्स-रे तारखेच्या क्रमाने बरोबर न्यावेत, कारण ग्राफ्ट जुळतो आहे की विरघळतो आहे हे एका एक्स-रेवरून कळत नाही, ते ओळीने लावूनच पाहावे लागतात.